माजघरातली टकटक

"ह्याला भूक लागली असंल," आये म्हणाली.

यंत्र माझ्या हातात होतं, आयेच्या देव्हाऱ्यासमोर, आणि थांबायचं नाव न घेता टकटकत होतं. बाहेर पडवीत बसलेली पंधरा-वीस माणसं बोलायची थांबली. दोन मिनिटांपूर्वी तेच यंत्र त्यांच्यामध्ये शांत बसलेलं. एक टक, मग जरा वेळाने दुसरी टक. मिनिटाला वीस-पंचवीस. तेवढे किरण सगळीकडेच असतात, दगडातून येतात, आभाळातून येतात, असं मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. मग आयेने आतून हाक मारली, "माझ्या देवाजवळ काय बोलतं बघू," आणि मी गंमत म्हणून माजघरात गेलो. तिथे घड्याळ लावून मोजू लागलो, तो एकशे चाळीसवर माझा हिशेब चुकला. मिनिट अजून व्हायचं होतं.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. सर शिकवायचे आणि मी भिंगं पुसायचो, तारा डागायचो. शिक्षण बारावी नापास, पण बंद पडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय मला जेवण जात नसे. किरण मोजायचं ते यंत्र, गायगर काउंटर, कपाटात कित्येक वर्षं पडून होतं. त्या एप्रिलमध्ये मी ते उघडलं, पुसलं, सांधलं आणि चालू केलं. मग ते कुठेतरी वापरावं असं वाटणं ओघानेच आलं.

सडेवाडी हे माझ्या ताईचं सासर. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, अणुवीज प्रकल्प येणार म्हणून दोन वर्षं गाव पेटलेलं. पुढच्या शनिवारी शाळेच्या मैदानात जनसुनावणी होती. विरोध समितीच्या बैठका ताईच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबा तोरस्करांच्या पडवीत होत. आये ही ताईची सासू. मी कोणाच्या बाजूचा होतो असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच, मी यंत्राच्या बाजूचा होतो.

समितीचे प्रमुख शेट्येमास्तर उंबऱ्यात येऊन उभे राहिले. निवृत्त शिक्षक, सड्यावर त्यांची आंब्याची शंभर कलमं होती. चेर्नोबिलवर मिळेल तेवढं वाचून त्यांनी वह्या भरल्या होत्या. त्यांनी टकटक ऐकली, मग मागच्या दाराकडे बघितलं.

"तुमच्या परसातच ना फेब्रुवारीत त्यांनी बोअर मारली? माती तपासायला?"

"होय," आबा म्हणाले. "तीनशे फूट."

"बघा," मास्तर पडवीकडे वळून म्हणाले. "प्रकल्प अजून आला नाही, आणि दगड फोडून विष वर काढलंसुद्धा."

पडवीत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात माझी भाची दर्शना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सातवा महिना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून ती आल्यावर डॉक्टरांनी तिला सासरच्या घाटातल्या रस्त्याने प्रवास करायला बंदी केली होती. ती यंत्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मामा, हे माझ्यामुळे वाजतंय?"

"छे गं. तुझा काय संबंध?"

हे मी छातीठोकपणे सांगितलं आणि मला त्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं.

कोकणात बातमीला एस.टी. लागत नाही. दुसऱ्या दिवशी आबांच्या विहिरीवर एकही कळशी आली नाही. एरवी मे महिन्यात अर्धी वाडी त्याच पाण्यावर जगायची. तिसऱ्या दिवशी ताईचा कॉलेजात फोन आला.

"दत्ता, जावईबापूंचा फोन होता. व्याही म्हणतात, त्या घरात किरण आहेत, पोर तिथं राहायला नको. रविवारी गाडी घेऊन येतायत."

"पण डॉक्टरांनी तर…"

"ते मी सांगितलं. ते म्हणतात, रस्त्यात काय व्हायचं ते होईल, इथं तर रोज होतंय." ताईचा आवाज बसला होता. "तू काय आणलंस रे माझ्या घरात?"

"मी आणलं नाही ताई. ते होतंच. मी फक्त मोजलं."

"मग जे होतं ते शोधून काढ. रविवारच्या आत."

बुधवारी मी रजा टाकली आणि पहिल्या गाडीने सडेवाडी गाठली. दर्शना ओटीवर पाय पसरून बसली होती. देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून तिची खोली, ती तिने सोडली होती. रात्री पडवीत झोपत होती, असं ताई म्हणाली.

मी बोअरपासून सुरुवात केली. शेट्येमास्तर वही उघडून शेजारी उभे. बोअरच्या तोंडाशी चोवीस. मास्तरांनी मला परत मोजायला लावलं. तेवीस. विहीर, बावीस. परसाभोवतीच्या कुंपणाचा जांभ्याचा गडगा, एकतीस. मास्तर आकडे लिहीत होते खरे, पण पेपर सोपा निघाल्यावर एखाद्या मास्तरांचा चेहरा पडतो तसा त्यांचा पडला होता.

"यंत्र बिघडलं नाही ना तुझं?"

"माजघरात बिघडलं नाही तर इथे कसं बिघडेल?"

मग घर. आये माझ्या मागे मागे. पहिल्या दिवशी घाबरली असेल तर तिने ते दाखवलं नाही. आता तर तिला चेवच आला होता. पाट्यावर धर, पानाच्या डब्यावर धर, कणगीत धर. सगळीकडे वीस, पंचवीस, अठ्ठावीस.

"ह्यांना मोज," ती आबांकडे बोट दाखवून म्हणाली. "हे फार तापतात."

आबा सुपारी कातरत होते, त्यांनी मान न वळवता छाती पुढे केली. तेवीस.

"बगितलंस?" आबा म्हणाले. "आणि पन्नास वर्षं मला बोल लावतेय."

दर्शना हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली, असं ताईने मला नंतर सांगितलं.

देव्हाऱ्याशी आलो आणि टकटक सुरू झाली. आयेच्या परवानगीने मी एकेक वस्तू परसातल्या तुळशीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवू लागलो. आधी अन्नपूर्णा. टकटक तशीच. मग बाळकृष्ण, शंख, घंटा, समई. तशीच. शेवटी देव्हाऱ्याखालच्या फळीवर, लाल फडक्याखाली, एक पितळी डबा सापडला. शेरभर तांदूळ मावतील एवढा. तो उचलताच दुसऱ्या हातातलं यंत्र कट्ट्यापर्यंत ओरडत आलं. डबा कट्ट्यावर ठेवून मी माजघरात परतलो.

टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. कुलूप उघडल्यावर होतो तो आनंद. मग दारात दर्शना दिसली आणि मला स्वतःची लाज वाटली.

"आये, त्या डब्यात काय आहे?"

"अंगारा."

"कसला?"

"कसला म्हंजे?" आयेचा पारा चढला. "देवीचा."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, तेव्हा पालखीपुढे गॅसबत्ती धरायचा मान तोरस्करांचा. वीज आली तरी मान गेला नाही. बेचाळीस वर्षं आबांनी ती बत्ती खांद्यावर वाहिली होती. बत्तीत पांढऱ्या जाळीची एक पिशवी बांधतात, तिला मेंटल म्हणतात. ती एकदा जळली की तिची राख तशाच आकाराने उभी राहते आणि ती राखच लखलखीत उजेड देते. धक्का लागला की मात्र पिठासारखी कोसळते. पालखी नाचवताना एका रात्रीत दोन-तीन सहज जातात.

"देवीपुढं जळलेलं उकिरड्यावर टाकायचं नसतं," आबा म्हणाले. "माझ्या बापाने डबा केला, मी भरला."

"आणि तो लावता कधी?"

"सांजवेळेला," आये म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "घरातल्या सगळ्यांना. चिमूटभर. दर्शनाला तर रोज. ती आल्यापास्नं."

दर्शनाचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि तिने पदराने कपाळ पुसलं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच आलं. कपाटातून यंत्र काढलं तेव्हा त्याच्या खोक्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढऱ्या जाळीचा एक तुकडा निघाला होता. उंदराने कुरतडलेलं काहीतरी असेल म्हणून मी तो केराच्या टोपलीत टाकला होता.

घरच्या फोनवर दर्शनासमोर बोलायचं नव्हतं, आणि मोबाइलला रेंज सड्यावर चढल्याशिवाय येत नसे. उन्हात धापा टाकत चढलो आणि आमच्या हेरवाडकर सरांना फोन लावून डबा आणि तो जाळीचा तुकडा, दोन्ही सांगितलं.

"गाढवा," सर म्हणाले, "तो तुकडा म्हणजेच यंत्र तपासायचा नमुना होता! मेंटलमध्ये थोरियम असतं. त्यानेच उजेड पांढरा पडतो. यंत्र चालतंय की नाही हे बघायला जगभर तोच तुकडा वापरतात."

"सर, हे दर्शनाला रोज लावलंय. पोटात बाळ आहे."

पलीकडे सरांनी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"डबा घट्ट बंद करा आणि घराबाहेर ठेवा. ती धूळ उडू देऊ नका, श्वासात जाणं सगळ्यात वाईट. कपाळावरच्या चिमटीने बाळाला काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण दत्ता, मला 'वाटत नाही' एवढंच म्हणता येतं. तिच्या डॉक्टरांना सांगा."

खाली येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं, 'वाटत नाही'सकट. ताईने एक मोठा श्वास सोडला आणि मग ती रडली. आये उठून आत गेली. आबा परत सुपारी कातरू लागले.

शेट्येमास्तरांनी मात्र वही मिटली.

"हे शनिवारपर्यंत कुणाला बोलायचं नाही," ते म्हणाले.

"का?" ताईने विचारलं.

"शैलाबाई, विचार करा. तो साहेब उभा राहून म्हणेल, बेचाळीस वर्षं किरण कपाळाला लावताय, काय वाकडं झालं? दोन वर्षांचं आंदोलन त्या एका डब्यात जाईल. बोअरचं आहे ते तसंच राहू दे. शनिवारी दत्तारामने यंत्र घेऊन यायचं आणि माजघरातला आकडा तेवढा सांगायचा. आकडा खोटा नाही ना?"

"आकडा खरा आहे, मास्तर. बोअर खोटी आहे."

"सडा गेला की परत मिळणार नाही रे," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मास्तर वाईट माणूस असते तर पुढचे तीन दिवस मला इतके जड गेले नसते.

"आणि माझी पोरगी?" ताई म्हणाली. "रविवारी गाडी येतेय. ह्या दिवसांत घाटात तिला काही झालं तर?"

"समजूत घालू त्यांची. आठवड्याने."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आमच्या गावच्या शाळेत होते तेव्हा मास्तरांनी मला सातवीत गणित शिकवलं होतं, शाळा सुटल्यावर, फुकट. आबांच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा चालू होता.

शनिवारी शाळेच्या मैदानात मांडव भरून माणसं. प्रकल्पाचे साहेब माझ्याच वयाचे होते, मराठी चांगलं बोलत होते, आणि मला ते आवडले हे कबूल करायला हरकत नाही. भिंती किती जाड, भूकंप झाला तर काय, पंप बंद पडला तर दुसरा पंप, तो पडला तर तिसरा. ते म्हणाले, किरण केळ्यातसुद्धा असतात. मागून कोणीतरी म्हणालं, मग केळ्यांवर चालवा की वीज, आणि मांडव हसला. साहेबही हसले.

मग शेट्येमास्तर उठले. चेर्नोबिलची रिकामी गावं त्यांनी अशी सांगितली की बायकांनी पोरांना जवळ ओढून घेतलं. आणि मग ते म्हणाले, "एवढं लांब कशाला जायचं? इथे, सडेवाडीत, बोअर मारल्यापासून एका घरात काय झालंय ते ऐका. दत्ताराम, यंत्र घेऊन ये पुढे."

मी उठलो. तिसऱ्या रांगेत दर्शनाचे सासरे बसले होते, हाताची घडी घालून. ताई बायकांत बसली होती. एक वाक्य बोललो तर मास्तर पडणार होते, नाही बोललो तर दर्शना घाटात. मी माइकपाशी पोचलो आणि यंत्राचं बटण नुसतंच चाचपत राहिलो.

"चालू कर दत्ता," मागून आवाज आला.

आबा होते. धुवट धोतर, डोक्याला शिमग्याला बांधतात तसा फेटा, हातात लाल फडक्यात बांधलेला डबा. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मी यंत्र त्याच्याजवळ नेलं आणि माइकमधून ती टकटक सगळ्या मैदानात गेली. पुढची रांग खुर्च्यांसकट मागे सरकली.

"ही बोअरची करणी नाय," आबा म्हणाले. "हा माझ्या घरचा अंगारा."

आणि त्यांनी बत्ती, मेंटल, डबा, सगळं सांगितलं. आपल्या नातीला रोज लावला हेही सांगितलं. शेट्येमास्तर खाली बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

साहेबांचा चेहरा उजळला. "आजोबा, तुम्ही माझं काम सोपं केलंत. बघा मंडळी, मी हेच सांगत होतो. ह्याला थोरियम म्हणतात. तुम्ही इतकी वर्षं ह्याच्यासोबत राहिलात. थोडे किरण म्हणजे लगेच मरण नव्हे." एका बाजूने टाळ्या पडल्या.

आबांनी टाळ्या संपू दिल्या.

"सायेब, हे आत असतं हे तुमाला ठाऊक होतं?"

"हो तर. पुस्तकातच असतं."

"कदीपासून?"

"शंभर वर्षं तरी झाली असतील."

आबांनी खिशातून मेंटलचं न फोडलेलं पाकीट काढलं, पुढच्या शिमग्याचं. "मग ह्याच्यावर कुठं लिवलंय ते वाचून दाखवा. मला चष्म्यानंपण दिसत नाय."

साहेबांनी पाकीट घेतलं. पुढून बघितलं, बत्तीचं चित्र. मागून बघितलं, किंमत. कडेने बघितलं.

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले.

"एवढंसं होतं. एक ओळ पुरली असती. काय झालं नसंल, तुमी म्हणता तर मानतो. पण आमी लेकरांच्या कपाळाला लावत होतो, तेव्हा सांगायचं काम कुणाचं होतं?"

"आजोबा, तो कारखाना वेगळा. त्याचा विभाग वेगळा. आमचा त्याच्याशी संबंध नाही."

आबांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग डब्याचं फडकं परत बांधायला घेतलं.

"होय," ते गाठ मारत म्हणाले. "तुमच्या भिंतीला भेग पडंल त्या दिवशीपण विभाग वेगळाच असंल."

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. साहेब पाकीट हातात धरून उभे होते. त्यांना उत्तर देता आलं असतं, त्यांच्याकडे उत्तरं पुष्कळ होती, पण त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "हे लिहून घ्या. आजोबा म्हणाले तसंच लिहा."

सुनावणी संपल्यावर दर्शनाचे सासरे माझ्याकडे आले. "सूनबाईच्या खोलीत आता किती?"

"तेवीस."

"मोजून दाखवा."

ते घरी आले. स्वतःचं घड्याळ हातात घेऊन पूर्ण मिनिट त्यांनी स्वतः मोजलं, ओठ हलवत, पोर पाढे म्हणतं तसं. मग विहिरीचं पाणी मागून प्याले. रविवारी गाडी आली नाही. सोमवारी विहिरीवर कळशा आल्या.

प्रकल्पाचे कागद नंतर कित्येक वर्षं फिरत राहिले. त्यावर मी काय बोलणार? शेट्येमास्तर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी यंत्राचा आकडा कसा वाचायचा ते शिकायला कॉलेजात आले. डबा हेरवाडकर सरांनी मेणाने बंद करून प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात ठेवला. दर शिमग्याला आये कोणाबरोबर तरी एक फूल पाठवायची, कपाटावर ठेवायला. मी ठेवायचो.

पण मला आठवतो तो दिवस बारशाचा. मुलगी झाली होती, पावणेतीन किलो, आवाज खणखणीत. मला निरोप होता, येताना यंत्र घेऊन ये. मला वाटलं, दर्शनाचा असेल.

पाळण्यात नाव ठेवून झालं आणि आये देव्हाऱ्याकडून आली. तिच्या तळहातावर उदबत्तीची चिमूटभर राख होती. दर्शना एकदम ताठ झाली. आजीला काय बोलणार? पण तिचा हात बाळाच्या कपाळावर आडवा गेला होता.

आये पाळण्यापाशी थांबलीच नाही. सरळ माझ्यासमोर आली आणि तिने तळहात पुढे केला.

"मोज."

मी यंत्र तिच्या तळहातावर धरलं. गाणी म्हणणाऱ्या बायका जवळ सरकल्या. टक. बराच वेळ काही नाही. टक. आख्खं घर मिनिटभर त्या म्हातारीच्या हाताकडे बघत होतं.

"बावीस, आये. काही नाही त्यात."

दर्शनाने हात बाजूला घेतला. आये पाळण्याकडे वळली, वाकली, बोट राखेत बुडवलं आणि बाळाच्या कपाळापासून टीचभर अंतरावर थांबली. मग तशीच माझ्याकडे परत आली.

"परत एकदा मोज," ती म्हणाली.